कर्ता आणि बखरकार

समोरच्या टोपलीतला आंबा मी डोळ्यांनी पाहतो, हात पुढे करून तो उचलतो आणि 'जो पाहिला तोच हा' अशा निःशंक प्रतीतीने खाऊ लागतो. ह्या क्षुल्लक व्यवहारात विचार करण्याजोगे काही असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु न्यायदर्शनाच्या आचार्यांना त्यातच आत्म्याच्या अस्तित्वाचे एक भक्कम प्रमाण सापडले. त्यांचे म्हणणे असे की, डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि त्वचेला रूप कळत नाही; एका इंद्रियाचा मुलूख निराळा, दुसऱ्याचा निराळा, आणि एकाच्या हद्दीतली खबर दुसऱ्याला असण्याचे काहीच कारण नाही. असे असूनही 'पाहिला तोच उचलला' ही जाणीव ज्या अर्थी होते, त्या अर्थी दोन्ही इंद्रियांच्या पलीकडे, दोघांकडूनही वर्दी घेणारा कोणी एक जाणता असलाच पाहिजे, आणि तो जाणता म्हणजे आत्मा. गौतमाच्या न्यायसूत्रांत ह्या युक्तिवादाचे बीज आहे आणि सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्याचा विस्तार केला आहे.

ह्या मताचा प्रतिपक्षही तितकाच जुना व तितकाच समर्थ होता. सारनाथ येथे आपल्या पहिल्या पाच शिष्यांना केलेल्या दुसऱ्या उपदेशात बुद्धाने रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध एकेक करून तपासावयास लावले आणि ह्यांपैकी कोणाकडेही बोट दाखवून 'हा मी' असे म्हणता येत नाही, असा निर्णय दिला. पुढे ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, ह्याच्याशी झालेल्या संवादात नागसेन भिक्षूने तोच सिद्धांत राजाच्या रथाचा दृष्टांत देऊन मांडला. युरोपात ह्या वादाला तोंड फोडले ते डेव्हिड ह्यूमने. वयाची अठ्ठाविशीही न गाठलेल्या ह्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मनाच्या आत कितीही डोकावून पाहिले तरी शीत, उष्ण, प्रेम, द्वेष, सुख, दुःख अशा सुट्या संवेदना तेवढ्या हाती लागतात. त्या सर्वांचा धनी म्हणून कोणी निराळा भेटत नाही. परंतु पुढच्याच वर्षी जोडलेल्या परिशिष्टात, ह्या सुट्या संवेदना एकत्र बांधणारे सूत्र कोणते ह्याचा समाधानकारक खुलासा आपल्याला करता येत नाही, अशी प्रांजळ कबुलीही त्याने देऊन ठेवली.

हा वाद शतकानुशतके अनिर्णित राहिला ह्याचे कारण बुद्धीचे मांद्य नव्हे. दोन्ही पक्षांचे साधन एकच होते, आणि ते म्हणजे अंतर्निरीक्षण. ज्याची चौकशी करावयाची त्याचीच जबानी घेऊन निकाल द्यावयाचा, दुसरा साक्षीदार नाही, अशी ही विलक्षण परिस्थिती होती. तो दुसरा साक्षीदार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तत्त्वज्ञानाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने, अनपेक्षितपणे पुढे आला.

माणसाच्या मेंदूचे दोन गोलार्ध असतात. शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार मुख्यतः डावा गोलार्ध पाहतो आणि डाव्या बाजूचा उजवा. दृष्टी एखाद्या बिंदूवर खिळवली असता त्या बिंदूच्या डावीकडे जे दिसते ते उजव्या गोलार्धात पोहोचते व उजवीकडचे डाव्या गोलार्धात. आणि वाणीचे सामर्थ्य बहुसंख्य माणसांत डाव्या गोलार्धाकडे असते. इतकी वाटणी असूनही आपल्याला जग दुभंगलेले दिसत नाही, कारण दोहोंच्या मध्ये कॉर्पस कॅलोसम नावाचा सुमारे वीस कोटी मज्जातंतूंचा जाड पट्टा आहे व त्यातून इकडची खबर तिकडे अव्याहत जात-येत असते. अपस्माराच्या झटक्यात मेंदूच्या एका भागात उठलेला विद्युत्क्षोभ ह्याच पट्ट्यावरून दुसऱ्या गोलार्धात पसरतो. म्हणून औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांचा हा पट्टाच कापून पाहावा, अशी तजवीज अमेरिकेतील रॉचेस्टर येथे विल्यम व्हॅन वॅगेनन ह्या शल्यविशारदाने १९४० च्या सुमारास केली. शस्त्रक्रियेनंतर ह्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या वागण्याबोलण्यात लक्षणीय असा काहीच फरक आढळला नाही. एवढा मोठा पट्टा कापूनही काही बिघडत नाही हे पाहून, तो केवळ दोन गोलार्ध लोंबकळू नयेत म्हणूनच निसर्गाने घातला असावा, असा विनोद कार्ल लॅश्ली ह्या नामांकित शास्त्रज्ञाने केला होता.

विनोदाचे दिवस संपविले ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील रॉजर स्पेरी ह्यांनी. मांजरांवर व माकडांवर केलेल्या प्रयोगांवरून त्यांना असे दिसून आले होते की, पट्टा कापलेल्या प्राण्याचा एक गोलार्ध जे शिकतो त्याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये जोसेफ बोगन व फिलिप व्होगेल ह्या शल्यविशारदांनी दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिक असलेल्या एका अपस्मारग्रस्त गृहस्थावर ही शस्त्रक्रिया केली, आणि स्पेरींच्या हाताखाली काम करणाऱ्या मायकेल गॅझॅनिगा ह्या तरुण विद्यार्थ्याने त्याच्यावर प्रयोग आरंभिले. रुग्णाने पडद्याच्या मध्यबिंदूवर नजर खिळवावयाची आणि डोळा हलण्यापूर्वी, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दशांशात, बिंदूच्या एका बाजूस एखादे चित्र किंवा शब्द झळकवावयाचा, अशी ही साधी रचना होती. चित्र उजवीकडे झळकले तर रुग्ण त्याचे नाव तत्काळ सांगे. ते डावीकडे झळकले, म्हणजे मुक्या उजव्या गोलार्धालाच तेवढे दिसले, तर 'मला काही दिसले नाही' असे तो प्रामाणिकपणे म्हणे. परंतु अशा रुग्णांचा डावा हात पडद्याआड घालून तेथील वस्तू चाचपावयास सांगितले असता तो हात, मालक 'दिसले नाही' म्हणत असतानाच, जिचे चित्र झळकले होते नेमकी ती वस्तू शोधून काढी. उलट, नजरेआड डाव्या हाताने चाचपलेल्या वस्तूची जोडी उजव्या हाताला सापडत नसे.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने ह्या निष्कर्षाचे महत्त्व किती आहे हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. 'पाहिले तेच चाचपले' ही जी प्रतीती वात्स्यायनाने आत्म्याचे गमक म्हणून पुढे केली, ती ह्या माणसांत पाहणारा आणि चाचपणारा एकाच गोलार्धाच्या हद्दीत असतील तोवर टिकते, आणि हद्द ओलांडताच नाहीशी होते. एकत्वाची जाणीव तंतूंच्या एका पट्ट्यावर अवलंबून होती, आणि तो कापताच ती सुरीच्या रेषेवर दुभंगली. ह्यावर नैयायिकाला उत्तर नाही असे नव्हे. त्याच्या दर्शनात आत्मा आणि इंद्रिये ह्यांच्यामध्ये मन नावाचे एक साधन मानलेले आहे, तेव्हा बिघाड साधनात झाला, आत्मा अभंगच आहे, असे तो म्हणू शकेल. ह्या उत्तराची किंमत मात्र त्याला चुकवावी लागेल. ज्ञान दुभंगले तरी आत्मा अभंग राहत असेल, तर ज्ञान अभंग असल्याचे दाखवून आत्मा सिद्ध करण्याचा मार्ग बंद होतो; वस्तू कदाचित शिल्लक राहील, पण तिचे प्रमाण हातचे जाईल.

ह्यापेक्षाही अधिक बोलका प्रयोग पुढे १९७० नंतरच्या दशकात गॅझॅनिगा व त्यांचे सहकारी जोसेफ लेडू ह्यांनी एका तरुण रुग्णावर केला. त्याच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीच्या पायाचे चित्र दाखविले आणि उजव्या गोलार्धाला बर्फाने वेढलेल्या घराचे. मग समोर मांडलेल्या चित्रांतून पाहिलेल्याशी जुळणारे चित्र दोन्ही हातांनी निवडावयास सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने बर्फ उपसण्याचे फावडे निवडले. दोन्ही निवडी आपापल्या गोलार्धाच्या दृष्टीने बिनचूक होत्या. आता त्याला विचारले की, ही चित्रे का निवडलीस? उत्तर देणारा बोलका डावा गोलार्ध. त्याने बर्फ पाहिलेलेच नव्हते, पण फावड्यावर ठेवलेला हात मात्र त्याला दिसत होता. 'ठाऊक नाही' हे खरे उत्तर त्याने दिले नाही. पाय कोंबडीचा आहे, आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करावयाला फावडे लागतेच, असा खुलासा त्याने क्षणाचाही विलंब न लावता केला. अशाच एका प्रयोगात उजव्या गोलार्धाला 'चाल' असा शब्द दाखविताच रुग्ण उठून चालू लागला, आणि कुठे निघालास असे विचारता, कोकाकोला आणावयास निघालो, असे त्याने सांगितले. हुकूम कोणी दिला ह्याची त्याला गंधवार्ताही नव्हती, परंतु हेतू मात्र त्याच्यापाशी तयार होता.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. आपल्या बखरी बहुतांशी घटना घडून गेल्यावर, कित्येकदा पिढ्या उलटल्यावर, कोणा थोराच्या विचारणेवरून लिहिल्या गेल्या. बखरकाराला मसलतीत आसन नव्हते, रणांगणावर तो हजर असेलच असेही नाही. पण त्याच्या लेखणीतून उतरताना प्रत्येक हालचालीला हेतू, प्रत्येक पराभवाला कारण आणि प्रत्येक नायकाला सुसंगत स्वभाव प्राप्त होतो. तो बुद्ध्या खोटे लिहितो असे नव्हे. हाती आलेल्या तुकड्यांतून सलग वृत्तांत रचणे हाच त्याचा धर्म. डाव्या गोलार्धातील ही खुलासे रचणारी शक्ती, जिला गॅझॅनिगांनी दुभाष्याची उपमा दिली, ती माझ्या मते दुभाष्यापेक्षा बखरकारालाच अधिक जवळची आहे. भेद इतकाच की, दरबारचा बखरकार स्वतःला राजा समजत नसे. हा मात्र सारा वृत्तांत प्रथमपुरुषी लिहितो, आणि 'मी ठरविले, म्हणून मी केले' ह्या वाक्याने राज्याचे शिक्के आपल्याच हाती असल्याचा भास निर्माण करतो.

हे सर्व कापलेल्या मेंदूपुरतेच खरे आहे, असे समाधान करून घेण्याची सोय नाही. रिचर्ड निस्बेट व टिमोथी विल्सन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात एका दुकानातला प्रयोग सांगितला आहे. मेजावर स्त्रियांच्या नायलॉनच्या पायमोजांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांतील सर्वांत उत्तम कोणती हे गिऱ्हाइकांना विचारले होते. चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. तरीही सर्वांत डावीकडची जोडी १२ टक्क्यांनी पसंत केली आणि सर्वांत उजवीकडची ४० टक्क्यांनी. म्हणजे निवड जागेवरून झाली होती. कारण विचारता मात्र जागेचे नाव कोणीही काढले नाही, आणि जागेचा काही परिणाम झाला असेल काय असे स्पष्ट विचारता जवळजवळ सर्वांनी ती शक्यता झिडकारली. स्वीडनमधील लुंड येथे झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर, दोन छायाचित्रांतील अधिक आवडलेला चेहरा निवडल्यावर हातचलाखीने दुसराच चेहरा लोकांच्या हाती दिला गेला. बहुतेक वेळा ही अदलाबदल लक्षात आली नाही, आणि न निवडलेल्या चेहऱ्याचे गुण सांगून 'म्हणून हा निवडला' अशी कैफियत काहींनी बेलाशक दिली.

विचाराच्या जन्माकडे पाहिले तरी हाच अनुभव येतो. पुढल्या क्षणी आपल्या मनात कोणता विचार येणार हे आपण आधी सांगू शकत नाही. सांगावयाचे म्हटले तर तो विचार आधीच येऊन गेलेला असतो. आंरी प्वांकारे ह्या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या एका महत्त्वाच्या शोधाची हकीकत लिहून ठेवली आहे: गणित बाजूला ठेवून तो सहलीस निघाला होता, कूतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर त्याने पाय ठेवला, आणि आदल्या विचारांशी काहीही धागा नसताना उत्तर पूर्ण रूपात मनात उभे राहिले. ते शोधले कोणी, हा प्रश्न येथे निरर्थक नाही. विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील बृहद्ग्रंथात असा पक्ष घेतला की, शास्त्रापुरता विचार हाच विचार करणारा मानावा, त्याच्या मागे आणखी कोणी उभा करण्याची गरज नाही, आणि जे. कृष्णमूर्तींनी आपल्या व्याख्यानांतून विचार व विचारवंत हे दोन नाहीत, ही गोष्ट आयुष्यभर निरनिराळ्या रीतींनी सांगितली.

येथपर्यंत आल्यावर पुष्कळांना एक उडी घेण्याचा मोह होतो: 'मी' हे थोतांड आहे, इच्छास्वातंत्र्य हे थोतांड आहे, मेंदू करतो आणि आपण पाहतो. ह्या उडीस बळ देणारा प्रयोग म्हणून बेंजामिन लिबेट ह्यांच्या १९८३ च्या निबंधाचा हवाला हमखास दिला जातो. बोट हलविण्यापूर्वी सुमारे ५५० मिलिसेकंद मेंदूत विद्युत्क्रिया सुरू होते, आणि 'आता हलवावे' ही इच्छा माणसाला जाणवते ती मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी, असे त्यांना आढळले होते. परंतु २०१२ साली आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मेंदूत सदैव चाललेल्या यादृच्छिक चढउतारांची अनेक वेळांची सरासरी काढली तरी त्या विद्युत्क्रियेसारखीच चढती रेषा मिळते. तेव्हा तिला मेंदूने परस्पर घेतलेला निर्णय म्हणण्यास आधार उरत नाही. दुभंग मेंदूच्या बाबतीतही अॅमस्टरडॅम येथील याइर पिंटो ह्यांच्या गटाने २०१७ मध्ये असे नोंदविले की, त्यांच्या दोन रुग्णांना दृष्टिक्षेत्राच्या कोणत्याही बाजूस काही आले आहे हे कोणत्याही हाताने वा वाचेनेही सांगता येत होते. दोन बाजूंच्या चित्रांची तुलना मात्र करता येत नव्हती. म्हणजे प्रतीती दुभंगली तरी जाणीवही पूर्णपणे दुभंगते की नाही, ह्यावर वाद चालू आहे.

आणखी एक साक्ष ह्याच संदर्भात विचारात घेतली पाहिजे. १९५३ साली हार्टफर्ड येथे अपस्मारासाठी झालेल्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन ह्या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा बराचसा भाग काढला गेला, आणि तेव्हापासून २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ कोणतीही नवी घटना त्याच्या स्मरणात टिकली नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर ह्यांनी अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला, पण त्या प्रत्येक भेटीत त्याला नव्यानेच भेटत. बखर तेथेच थांबली होती. तरीही तो सौम्य होता, विनोद करीत असे, आणि 'मी' ह्या शब्दाचा अचूक उपयोग करीत असे. आपला वृत्तांत म्हणजेच आपण, असे समीकरण मांडणाऱ्यांना हा माणूस अडवून धरतो. वृत्तांताच्या खाली स्वभाव, सवयी आणि देहाचे भान ह्यांचा एक थर असतो आणि त्याला लेखणीची गरज पडत नाही.

तेव्हा भ्रम नेमका कशाचा, हे काटेकोरपणे सांगितले पाहिजे. ह्या बाबतीत आपल्या परंपरेने फार पूर्वी केलेला एक भेद उपयोगी पडतो. सांख्यांनी अहंकार हा पुरुषाच्या नव्हे तर प्रकृतीच्या बाजूस घातला. बुद्धीपासून निपजलेले, 'हे माझे, हे मी केले' असा अभिमान धरणारे ते एक तत्त्व, कर्त्याचे केवळ सोंग घेणारे. समर्थ रामदासांनीही दासबोधात अहंकाराची गणना मन, बुद्धी, चित्त ह्यांच्या पंगतीत, अंतःकरणाच्याच एका वृत्तीच्या रूपाने केली आहे. ह्या वृत्तीच्या पलीकडे साक्षी आहे की नाही, हा वेदान्ती आणि बौद्ध ह्यांच्यातला झगडा प्रयोगशाळेत मिटणारा नाही. परंतु 'मी केले' असे म्हणणारा तोच करणारा असतो असे नाही, एवढ्या मुद्द्यावर दोघांचेही एकमत होते, आणि प्रयोगशाळेची साक्ष त्याच मुद्द्यापुरती पण निःसंदिग्ध आहे. खोटा ठरतो तो अनुभवाच्या आधीपासून सिंहासनावर बसलेला, प्रत्येक कृत्याचा हुकूम सोडणारा आणि स्वतःच्या हेतूंविषयी कधीही न चुकणारा राजा. देह, स्वभाव, स्मृती आणि वृत्तांत ह्यांचा जो जिवंत व्यवहार चालू असतो, तो खोटा ठरत नाही.

ह्यातून निघणारी व्यावहारिक शिकवण मराठी इतिहासलेखनाला चांगली परिचित आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली आपल्या इतिहाससाधनांच्या पहिल्या खंडात बखरींची असल कागदपत्रांशी रुजवात घातली आणि त्यांच्यावर आंधळेपणाने विसंबण्याची वहिवाट मोडली. आपल्या स्वतःविषयीच्या वृत्तांतालाही हीच शिस्त लावली पाहिजे, आणि येथे असल कागद म्हणजे आपले प्रत्यक्ष वर्तन. मी उदार आहे, मी निःपक्षपाती आहे, रागावलो तो केवळ तत्त्वासाठी, असे आतला लेखक लिहीत असतो. खर्च कशावर झाला, कोणाला झुकते माप दिले, आवाज कोणावर चढला, ह्याची नोंद मात्र बाहेर राहते आणि ती बहुधा आपल्यापेक्षा घरच्या माणसांना अधिक नीट वाचता येते. स्वतःविषयी दुसऱ्याने केलेली तक्रार ऐकून घेण्याची हरकत आपल्याला एरवी जितकी वाटते, तितकी हे समजल्यावर वाटू नये.

राहता राहिला जबाबदारीचा प्रश्न. करणारा आणि सांगणारा वेगळे असतील, तर शिक्षा कोणाला आणि शाबासकी कोणाला, असे विचारले जाते. ह्या आक्षेपात एक गोष्ट नजरेआड होते. वृत्तांत झाल्या कृत्याच्या नंतर लिहिला जातो हे खरे. पण पुढल्या कृत्याच्या तो आधी असतो. 'मी दिलेला शब्द पाळतो' हे वाक्य एखाद्याने कदाचित स्वतःची लाज झाकण्यासाठी, मागाहून, रचलेले असेल. परंतु ते एकदा चारचौघांत बोलले गेले, ऐकले गेले, त्याची आठवण दिली गेली, म्हणजे पुढल्या प्रसंगी तेच वाक्य हाताला आवरते वा पायाला पुढे ढकलते. वचन, करार, पश्चात्ताप, संकल्प ह्या सर्व संस्था ह्याच शक्यतेवर उभ्या आहेत आणि न्यायालयेही माणसाला जबाबदार धरतात ती तो आपल्या मनाचा निरंकुश राजा असतो म्हणून नव्हे, तर विचारणा होणार हे कळल्याने त्याचे पुढचे वागणे बदलू शकते म्हणून. माणसाचे स्वातंत्र्य पहिल्या आवेगाच्या क्षणी शोधू जाणारा निराश होईल. ते आहे तेवढे, झाल्या गोष्टीचा प्रामाणिक हिशेब पुढल्या गोष्टीच्या आधी मांडण्यात आहे, आणि जो हा हिशेब जितका खरा ठेवील तितका तो आपल्या कृत्यांचा धनी म्हणविण्यास पात्र ठरेल.